ऐकून घेणारी

११ जानेवारी

नोकरी मिळाली, खोली मिळाली, आणि आज दोन्हींत राहायलाही आले. आजपासून मी विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात स्वागतकक्षाची मदतनीस आहे. नाव भारदस्त, काम साधं. दारापाशी टेबलामागे बसायचं, किल्ल्या द्यायच्या-घ्यायच्या, टपाल आणि पार्सलं लावून ठेवायची, आणि कुणी गरम पाणी येत नाही म्हणत आलं की ‘कळवते’ म्हणायचं. हा शब्द रेक्टरबाईंनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. अर्धी भांडणं त्यानेच मिटतात असं त्यांचं मत आहे. उरलेली अर्धी त्या स्वतः मिटवतात. कशी, ते त्यांच्या आवाजावरून कळलं.

इथे अशी बरीच कामं विद्यार्थिनीच करतात. कुणी वाचनालय उघडते, कुणी मेसच्या खिडकीत कूपनं घेते, कुणी कपडे धुण्याच्या यंत्रांपाशी बसून दुसऱ्यांचे हरवलेले मोजे सांभाळते. मी वर्षाच्या मध्येच या विद्यापीठात आले, तोवर चांगली कामं वाटली गेली होती. उरलं होतं ते सुट्टीतलं. सगळ्या घरी जातात तेव्हा कुणीतरी इथे थांबायला हवं, आणि ते कुणालाच नको होतं. मला हवं होतं. राहायचीही सोय झाली. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

टेबलामागच्या दारातून आत गेलं की माझी खोली. खाट, कपाट, आणि सायकलींच्या तळाकडे उघडणारी खिडकी. भिंतीवर कुणीतरी चिकटवून काढलेल्या चित्रांचे फिकट चौकोन आहेत. तिथे काय असेल याचा अंदाज करत मी सामान लावलं.

आईला फोन केला. ती दादाकडे आहे, वहिनीचे दिवस भरत आलेत. दादाचं घर एवढंसं, त्यात मी कुठे मावणार, म्हणून सुट्टीत येत नाही असं मीच आधी सांगून टाकलं होतं. आई म्हणाली, टिटवे, तिथे तरी तोंडाला जरा विश्रांती दे. घरात मला सगळे टिटवीच म्हणतात. मी झोपेतसुद्धा बोलायचे म्हणे. दादा सांगतो की तो उत्तरंही द्यायचा, आणि माझं समाधान व्हायचं.

१३ जानेवारी

सत्र संपलं. सकाळपासून जिन्यावर चाकांच्या बॅगांची धडधड. प्रत्येक मुलगी किल्ली टेबलावर टाकते, मी खोलीचा बिल्ला बघून खिळ्याला अडकवते. एकीने खोलीच्या किल्लीऐवजी सायकलीची किल्ली दिली आणि स्टेशनवरून परत आली. एकीने निघताना मला मिठी मारली. मी दोनच दिवसांपूर्वी आलेय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो.

संध्याकाळपर्यंत फळ्यावरचे एक सोडून सगळे खिळे भरले. आता तो फळा आवरलेल्या घरासारखा दिसतो.

रेक्टरबाईंनी सुट्टीतलं काम समजावलं. रिकाम्या खोल्यांमधून फिरायचं, खिडकी थोडा वेळ उघडायची, बेसिनचा आणि न्हाणीचा नळ सोडायचा. पाणी नळीत साचून राहिलं की खराब होतं, आजार पसरतात. नळ आधी खोकतो, मग तांबूस पाणी येतं, मग स्वच्छ. स्वच्छ आलं की बंद करून पुढची खोली.

सुट्टीत फक्त एकच मुलगी राहणार आहे. वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. पीएचडीची आहे, प्रबंध लिहितेय, तिला त्रास द्यायचा नाही. दुपारी एकदा दार वाजवायचं, आतून उत्तर आलं की झालं. गेल्या वर्षी दुसऱ्या वसतिगृहात एक मुलगी तापाने फणफणून पडली होती आणि कुणाला पत्ताच नव्हता, तेव्हापासून हा नियम आहे. रेक्टरबाई आवारातच, त्यांच्या क्वार्टरमध्ये असतात. काही लागलं तर फोन कर म्हणाल्या.

१४ जानेवारी

दुपारी वर गेले. दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. पुन्हा वाजवलं. मग आतून आवाज आला, “आहे.”

आवाज कसा सांगू. बरेच दिवस न वापरलेल्या नळासारखा. आधी नुसती खरखर, मग शब्द. दिवसभर कुणाशी बोलत नसेल बिचारी. मी म्हटलं, मी खालची नवी मदतनीस, काही लागलं तर सांगा. उत्तर आलं नाही. प्रबंध लिहिणारी माणसं अशीच, असं म्हणत मी खाली आले.

१६ जानेवारी

एवढी मोठी इमारत आणि त्यात मी. चहाचा कप टेबलावर ठेवला तरी आवाज वरपर्यंत जातो. काल लक्षात आलं की सकाळपासून मी एक शब्दही बोललेले नाही. म्हणून पार्सलांशी बोलले. एका पार्सलावर ‘हळू हाताळा’ लिहिलं होतं, त्याला म्हटलं, मलाही.

आईला फोन केला तर ती घाईत. वहिनीला कळा सुरू झाल्यासारखं वाटत होतं, डॉक्टरांकडे निघाले होते. नंतर बोलू म्हणाली. नंतर मीच केला, तेव्हा दादा म्हणाला, अजून वेळ आहे, आई झोपलीय. मी म्हटलं, तूच बोल की. तो म्हणाला, टिटवे, दोन दिवस डोळा लागलेला नाही. खरंच आहे त्याचं.

आज नळवाले काका आले होते. खालच्या न्हाणीतला नळ ठिबकत होता. मी त्यांच्यामागे उभी राहून घरची सगळी हकीकत सांगितली. ते पान्हा फिरवत ‘हं, हं’ करत होते. निघताना म्हणाले, मागच्या सुट्टीत टेबलावर एक मुलगी होती, तीही अशीच बोलकी. मी विचारलं, कुठे असते आता? ते म्हणाले, कोण जाणे. जायच्या दिवशी इथे पायरीवर बसली होती, मी हाक मारली, तर एक शब्द बोलली नाही. रागावली असेल कुणावर.

१७ जानेवारी

आज गंमत झाली. दार वाजवलं, “आहे” आलं, आणि मी जायचं सोडून बोलत राहिले. म्हटलं, बाजूच्या खोलीतले नळ सोडणार आहे, खोकल्यासारखा आवाज येईल, घाबरू नका. मग उगाच पुढे सांगितलं की काल एका न्हाणीतल्या आवाजाने मीच दचकून पळाले होते.

आतून आवाज आला, “मग?”

नुसता ‘मग’. पण कुणी ‘मग’ म्हटलं की माणसाला बोलता येतं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळं सांगितलं. नळवाले काका, मोज्यांचा ढीग, मिठी मारणारी मुलगी. ती मधूनमधून म्हणायची, “आणि मग?” आवाज अगदी दाराला लागून येत होता. म्हणजे तीही आत खालीच बसली असणार, दाराला टेकून.

खाली आले तेव्हा हलकं वाटत होतं. पोटभर जेवल्यासारखं.

१९ जानेवारी

मी आत्या झाले. मुलगी झाली. आईने फोनवर तिचं रडणं ऐकवलं. माझंही रडू ऐकलं असेल त्यांनी.

पहिल्यांदा वर धावले ते हिला सांगायला. दार वाजवायच्या आधीच आतून, “काय झालं?” माझ्या पावलांवरून ओळखलं म्हणे. मी सांगितलं. तिने सगळं विचारलं. बाळ कुणासारखं, दादाचं घर कुठे, कितव्या मजल्यावर, आई कुठे झोपते, बाळ कुठे. मला कुणी एवढं कधी विचारलेलं नाही. आई आम्हाला म्हणायची ती अंगाईही मी म्हणून दाखवली. ती आईनेच रचलेली आहे, यमक एक धड नाही, आणि माझा गळा म्हणजे नावाप्रमाणेच. पण ती म्हणाली, “परत म्हण.” परत म्हटली. “परत.”

आता आम्ही अगं-तुगं करतो. दार मात्र ती उघडत नाही. मीही आग्रह करत नाही. दार नसतं तर मी इतकं बोललेच नसते.

घसा जरा बसलाय. इतक्या दिवसांनी इतकं बोलल्यावर बसणारच.

२१ जानेवारी

तिचा आवाज आता किती छान झालाय. खरखर पार गेली. आज ती हसली. मी दचकले, कारण ते हसणं ओळखीचं होतं. आधी घोटभर हवा आत घ्यायची आणि मग एकदम फुटायचं, तसं आमच्या घरात फक्त मी हसते. दादा त्याला प्रेशर कुकर म्हणतो.

मी तिला म्हटलं, अगं, तू माझ्यासारखी हसतेस. ती म्हणाली, “संगतीचा परिणाम.” हेही माझंच वाक्य. मोज्यांच्या गोष्टीत मीच वापरलं होतं.

असो. होस्टेलमध्ये मुली एकमेकींसारख्या बोलायला लागतात, हे मी बघितलंय.

घसा दुखत नाही. पण आवाज निघताना अडतो.

२२ जानेवारी

संध्याकाळी आईला फोन केला. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, काय गं, काही राहिलं का सांगायचं? मला कळेना. आई म्हणाली, दुपारी एवढा वेळ बोलत होतीस की, पोट भरलं नाही वाटतं. मी म्हटलं, दुपारी मी फोन केलेला नाही. ती हसली. म्हणाली, बाळ रडत होतं, तू फोन त्याच्या कानाशी धरायला लावलास, अंगाई म्हटलीस, पोर अर्ध्यात गाढ झोपली. तुझा गळा इतका गोड कधी झाला गं?

मी काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. आईला जागरणं आहेत. वहिनीची बहीण बोलली असेल, आईने घोटाळा केला असेल. वहिनीला बहीण आहे ना. आहे.

पण अंगाई तिला कुठून येणार.

आज दुपारी वर बसले होते तेव्हा ती म्हणाली होती, आज तू बोल कमी, तुझा घसा बसलाय, मी बोलते. आणि तिने मला माझ्याच लहानपणीची गोष्ट सांगितली. मी सांगितलेलीच. फक्त माझ्यापेक्षा चांगली.

२३ जानेवारी

वर गेले नाही. टपाल लावलं. खालच्या मजल्यावरचे नळ सोडले. नियम मोडला. उद्या जाईन.

२४ जानेवारी

जे झालं ते नीट, क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.

सकाळी एक उंच मुलगी बॅग ओढत आली आणि किल्ली मागितली. कोणती खोली, विचारलं. वरच्या मजल्यावरची शेवटची. मला वाटलं, मैत्रीण असेल. म्हटलं, ती आत आहे, वर जाऊन दार वाजवा. ती म्हणाली, कोण ती? ती माझी खोली आहे. सुट्टीत राहणार म्हणून कळवलं होतं खरं, पण मावशी आजारी पडली म्हणून सत्र संपायच्या आधीच तिच्याकडे गेले. आता दोन पुस्तकं न्यायला आलेय. किल्ली तेव्हा रेक्टरबाईंकडे दिली होती.

रेक्टरबाईंना फोन केला. त्यांनी कपाळावर हात मारल्याचा आवाजही ऐकू आला. किल्ली त्यांच्या पर्समध्ये राहून गेली होती. त्या घेऊन आल्या. मी म्हटलं, पण मी रोज दार वाजवते, रोज उत्तर येतं. रेक्टरबाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि त्या जिन्याकडे वळल्या.

आम्ही तिघी वर गेलो. कुलूप बाहेरूनच लावलेलं होतं, दाराच्या वरच्या कडीला. इतके दिवस मी त्या कुलपाच्या खाली बसत होते. मान वर करून पाहिलं नव्हतं.

खोली रिकामी. गादी गुंडाळलेली, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, सगळ्यावर धूळ. खिडकी आतून बंद. त्या मुलीने पुस्तकं काढली, धूळ झटकली, शिंकली. रेक्टरबाई म्हणाल्या, आवाज पाइपातून येतात गं, जुनी इमारत आहे, एकटं राहिलं की असं होतं. फार मायेने म्हणाल्या. मीही मान डोलावली.

मग बाहेर पडताना मी दाराची आतली बाजू पाहिली. मी बाहेर बसते तेव्हा माझं डोकं जिथे टेकतं, त्याच उंचीवर आतून दाराचा रंग घासून गेलाय. खालचं लाकूड दिसतंय, गुळगुळीत. त्या दोघींना दाखवणार होते. तोंड उघडलं. शब्द यायला इतका वेळ लागला की तोवर त्या जिन्यापर्यंत पोचल्या होत्या.

मुलगी लगेच गेली. रेक्टरबाई किल्ली फळ्यावर लावून गेल्या.

दुपारी टेबलावरचा इंटरकॉम वाजला. ज्या खोलीतून येतो त्या खोलीचा दिवा लागतो. त्या खोलीचा लागला होता. मी उचलला. पलीकडे मीच होते. म्हणजे माझा आवाज. हसरा, ताजा, कधीच न बसलेला.

म्हणाली, “आज आली नाहीस. मग? बाळ काय म्हणतंय?”

२५ जानेवारी

रेक्टरबाईंकडे गेले. मला इथे राहायचं नाही हे सांगायला. ‘मला’ एवढंच निघालं, तेही कुजबुजल्यासारखं. त्यांनी बसवलं, गरम पाणी दिलं, विद्यापीठाच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी घशात दिवा घालून बघितलं. काही नाही म्हणाले. सूज नाही, लाली नाही. आठवडाभर बोलू नका, वाफ घ्या.

परत येताना आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मी पूर्ण जोर लावला. तोंडातून नुसती हवा. आई म्हणाली, कुणीतरी फोन करून बोलतच नाही, आणि ठेवून दिला.

टेबल सोडून आवारातल्या बाकावर बसलेय. इंटरकॉम इथवर ऐकू येतो.

२६ जानेवारी

बोलता येत नाही तर लिहिता येतं. हे कालच सुचायला हवं होतं.

दादाला मेसेज पाठवला. ‘माझा आवाज गेलाय. फोनवर माझ्या आवाजात जी बोलते ती मी नव्हे. तिला बाळाबद्दल काही सांगू नका. मी येतेय.’

त्याचं उत्तर आलं: ‘कोण आहेस तू? माझ्या बहिणीचा मोबाइल चोरीला गेलाय. तिने आत्ताच दुसऱ्या नंबरवरून फोन करून सांगितलं, असे मेसेज येतील म्हणून. लाज वाटत नाही का बाळंतिणीच्या घरी असलं काही पाठवायला?’

मी भराभर लिहिलं. प्रेशर कुकर. झोपेतली उत्तरं. आपल्या दोघांनाच माहीत आहे ते सगळं. मेसेज गेले नाहीत. त्याने माझा नंबर ब्लॉक केला होता. आईनेही.

आणि गेले असते तरी काय. आमच्या दोघांनाच माहीत असलेलं असं काहीच उरलेलं नाही. सगळं मी दाराला सांगून बसलेय.

२७ जानेवारी

बॅग भरली. किल्ली द्यायला रेक्टरबाईंकडे जायला निघाले, तर टेबलामागे एक मुलगी बसलेली. नवी. नियम वाचत होती. तिने वर पाहून विचारलं, कोण हवंय आपल्याला?

रेक्टरबाई तिथेच होत्या. फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की आधीची मुलगी घरी गेली, घशाचं दुखणं होतं, पण काल फोनवर अगदी खणखणीत बोलली, घरी पोचले म्हणाली, सामान नंतर नेईन म्हणाली. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीच नाही त्या नजरेत. म्हणाल्या, वसतिगृहात सुट्टीत बाहेरच्यांना प्रवेश नाही.

कागदावर माझं नाव लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या, हो, ती गेली घरी. तुम्ही तिच्या कोण?

आवाज गेला की एवढंच उरतं का माणूस. मी आरशात पाहिलं. मी मीच आहे. नाक, डोळे, हनुवटीवरचा व्रण. सगळं जागच्या जागी.

जाताना नव्या मुलीसमोर एक चिठ्ठी ठेवली. ‘वरच्या शेवटच्या खोलीशी बोलू नकोस.’ तिने वाचली आणि हसली. छान बोलकी वाटली. मला म्हणाली, सकाळपासून इथे जीव नुसता गुदमरलाय, बरं झालं कुणीतरी—

मी थांबले नाही. थांबायला हवं होतं. पण बाळ.

२८ जानेवारी

बसमध्ये. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. शेजारच्या जागेवर बॅग ठेवायला आलेल्या बाईने ती आधी माझ्याच मांडीवर ठेवली. मग दचकून म्हणाली, अगं बाई, दिसलंच नाही.

हात बघते सारखी. हात दिसतात मला.

आईला कसं पटवणार, ते ठरवतेय. समोर गेले की ओळखेल. आई आहे. तिला आवाज कशाला—

२९ जानेवारी

दादाच्या इमारतीचा जिना. दाराबाहेर, पायरीवर.

बेल वाजवली. आईने दार उघडलं. किती वाळलीय. मी हात पुढे केले. ती एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, “कोण हवंय तुम्हाला?”

तुम्हाला. आई मला तुम्ही म्हणाली.

मी खुणा केल्या. स्वतःकडे बोट केलं, तिच्याकडे केलं. तिला वाटलं, मुकी बाई आहे, काही मागायला आलीय. आत जाऊन पाणी आणलं. मी प्यायले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अनोळखी माणसाच्या डोक्यावरून फिरवतात तसा, आणि दार लावून घेतलं.

नंतर शेजारीण आली. मी वरच्या पायरीवर सरकले. आई दारात उभी राहून तिच्याशी बोलत होती. म्हणाली, लेक आलीय. परवा बाजारातून आलो तर आधीच आतल्या खोलीत. सर्दीताप आहे, बाळाला लागायला नको म्हणून दार लावूनच असते, ताट बाहेर ठेवलेलंही तसंच राहतं. पण दाराआडून अंगाई म्हणते आणि पोर कशी गप्प होते बघा. शेजारीण म्हणाली, नशीबवान आहात. आई म्हणाली, आज म्हणतेय ताप उतरला. बाळाला माझ्याकडे दे म्हणतेय. जरा वेळाने देते.

जरा वेळाने.

दार वाजवतेय. बेल. कुणी येत नाही. दादाचा आवाज — तीच बाई असेल, लक्ष देऊ नको, आई.

लिहिते. पान फाडून दाराखालून सारते.

आई, अक्षर बघ. हे तू माझा हात धरून गिरवून घेतलंयस. ‘ळ’ मला अजून नीट येत नाही, बघ. आवाज ऐकू नकोस, अक्षर बघ. मघाशी तू पाणी दिलंस ती मी. आतल्या खोलीत कुणी नाही. दार उघडू नकोस. बाळाला आत देऊ नकोस. ती बोलत नाही आई, ती ऐकून घेते, सगळं ऐकून—

सारलं. पान आत गेलं. कुणीतरी उचललं.

बाळ रडत होतं. आता —

नाही. रडतंय अजून. देवा, रडू दे.

पावलं. दाराकडेच येताहेत. आई वाचत असेल. आई, मी इथेच आहे, दार उघड, नुसतं माझ्याकडे नीट बघ —

कडी निघतेय. माझा आवाज येतोय आतून, अगदी दाराला लागून. म्हणतोय, थांब आई, तू नको उठूस, मी बघते कोण आहे ते, तू फक्त बाळाला इकडे